मोटरहोमचं ऑनिंग: उघडणं, ढाळ देणं, ताण राखणं

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, बाजूच्या भिंतीवर किंवा छताच्या कडेला ॲल्युमिनियमची एक लांबट पेटी बसवलेली असते. हँडल फिरवलं की तिच्यातून कापड बाहेर येतं आणि दाराबाहेर सावलीची एक खोली तयार होते. हेच ऑनिंग. नवीन माणसाला हे काम खिडकीचा पडदा सारण्याइतकं सोपं वाटतं. हँडल फिरवणं सोपं आहेच, पण त्या पेटीत कोण कुणाला ओढतंय हे एकदा समजून घेतलं, तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ऑनिंग तिरकं का बंद होतं, पाणी का साचतं, अडकलेल्या ऑनिंगचं कापड घाईत का कापायचं नाही, या सगळ्यांचं उत्तर एकाच जागी आहे.

आत काय असतं

पेटीला कॅसेट म्हणतात. आत एक रोलर असतो, त्यावर कापड गुंडाळलेलं असतं. कापडाची बाहेरची कड पुढच्या बारमध्ये अडकवलेली असते आणि ऑनिंग बंद असताना हाच बार कॅसेटचं झाकण होतो. कॅसेट आणि बार यांच्यामध्ये दोन घडीचे हात असतात. प्रत्येक हाताला कॅसेटकडे खांदा, मध्ये कोपर आणि बारकडे मनगट. हाताच्या पोकळीत जोरकस स्प्रिंग किंवा गॅसचा दट्ट्या असतो आणि त्याची ओढ तारेने, साखळीने किंवा पट्ट्याने कोपरावरून पुढे नेलेली असते. हे हात सतत सरळ व्हायला बघतात. म्हणजेच बारला बाहेर ढकलतात.

मग ते आत कसे राहतात? कापड त्यांना धरून ठेवतं. आणि कापडाला कोण धरतं? रोलर. रोलरला धरतो एका टोकाचा गिअरबॉक्स. त्यात वर्म गिअर असतो. त्याचा गुण असा की हँडलने रोलर फिरतो, पण रोलरकडून ओढ आली तर गिअर उलटा फिरत नाही. त्यामुळे हँडल काढून ठेवलं तरी ऑनिंग जिथे थांबवलं तिथेच थांबतं.

म्हणजे ऑनिंग उघडं असो की बंद, स्प्रिंगा बाहेर ओढत असतात आणि कापड आत. हा ताण दोन्ही हातांत सारखा आणि कापडाच्या दोन्ही कडांना सारखा असेल, तर ऑनिंग वर्षानुवर्षं निमूट चालतं. तो एका बाजूला ढळला की तक्रारी सुरू होतात. फियामा, थुले, डोमेटिक अशा कंपन्यांच्या मॉडेलांत बोल्टच्या जागा आणि झाकणांचे आकार वेगवेगळे असले, तरी हे तत्त्व सगळीकडे हेच. बारखाली जमिनीवर टेकवायचे दोन पाय असतात. त्यांना बार उचलून धरायचा आणि ढाळ द्यायचा असतो. कापड ताणण्याचं काम त्यांचं नसतं.

उघडण्याआधी

गाडी आधी समतल लावा आणि हँडब्रेक ओढा. गाडी एका अंगाला कललेली असेल तर ऑनिंगही कलतं आणि मग दोन पायांची उंची कितीही खाली-वर केली तरी कापड सरळ बसत नाही. गाडीखाली आधाराचे जॅक असतील तर तेही टेकवून घ्या. मोटरहोम स्वतःच्या स्प्रिंगांवर उभी असते. कुणी आत-बाहेर केलं की ती हलते, आणि जमिनीत घट्ट ठोकलेल्या ऑनिंगला प्रत्येक वेळी हिसका बसतो. दिवसभरातले असे शेकडो हिसके भिंतीतले स्क्रू सैल करतात.

बाजूला पुरेशी मोकळी जागा हवी. बहुतेक ऑनिंग दोन ते अडीच मीटर बाहेर येतात. वर झाडाची फांदी नाही ना, तेही बघा. झाडाखाली सावली दुप्पट मिळते हे खरं, पण चीक, पक्ष्यांची घाण आणि काटक्या यांचा त्रास नंतर कापड गुंडाळताना होतो.

आणि वारा बघा. झाडांच्या बारीक फांद्या हलत असतील आणि धूळ, कागद उडत असतील, तर बोफर्ट मापनात तो 4 क्रमांकाचा वारा, ताशी 20 ते 28 किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात नवशिक्याने ऑनिंग उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उघडल्यावर वारा वाढला तर बंद करणं हे उघडण्यापेक्षा जास्त अवघड असतं.

पहिल्यांदा उघडताना

पहिल्या खेपेला दोघांनी मिळून करा. एकाने हँडल, दुसऱ्याने बार.

हँडलचा आकडा गिअरच्या कडीत अडकवा आणि हँडल शक्य तितकं सरळ रेषेत धरा. वाकडं धरून फिरवलं की कडी झिजते आणि आकडा गिअरमध्ये करकरतो. सावकाश फिरवा. बार कॅसेटपासून सुटला की लगेच दोन्ही टोकांकडे नजर टाका. दोन्ही टोकं सारखीच बाहेर येतायत ना? एक टोक मागे राहत असेल तर थांबा, आत काहीतरी अडकलंय.

बार साधारण मीटरभर बाहेर आला की फिरवणं थांबवा. पाय बारच्या आत आडवे ठेवलेले असतात. ते एकेक करून खाली काढा, लांब करा आणि जमिनीवर टेकवा. तोवर बारचं सगळं वजन हातांवर लोंबत असतं, म्हणून पाय न काढता ऑनिंग पूर्ण बाहेर नेऊ नका. पाय टेकल्यावर पुढे फिरवत राहा आणि दुसऱ्या माणसाने पाय उचलत उचलत बारबरोबर पुढे न्यावेत.

आता शेवटचे काही फेरे. इथे हात हलका ठेवा आणि डोळे कापडावर. ऑनिंगचे हात त्यांच्या शेवटच्या टप्प्याला पोचले की ते पुढे जायचे थांबतात, पण रोलर अजून कापड सोडतच असतो. कापडाला झोळ पडायला लागला, म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जास्त सोडलंत. तिथून अर्धा-एक फेरा उलटा फिरवा, कापड पुन्हा ताठ होईपर्यंत. कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. तेवढा वाक शिल्लक असतो म्हणून स्प्रिंगेची ओढ कापडापर्यंत पोचते.

झोळ पडल्यावरही फिरवत राहिलात तर रोलर रिकामा होतो आणि कापड उलट दिशेने गुंडाळलं जायला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ऑनिंग नीट बंद होतंय, पण कापड चुकीच्या अंगाने आत जात असतं, कॅसेटच्या कडेवर घासतं आणि बार शेवटी पूर्ण बसत नाही. कापड रोलरच्या वरून येतं की खालून, हे पहिल्याच दिवशी बघून लिहून ठेवा. शंका आली की तेवढं तपासलं तरी पुरे.

बारा व्होल्टच्या मोटरचं ऑनिंग असेल तर बटणावर बोट ठेवून नजर दुसरीकडे फिरवू नका. मोटरला पान अडकलं की कोपर अडलं, हे कळत नाही. अशा ऑनिंगलाही बहुधा हाताने फिरवायची सोय दिलेली असते. ती कुठे आहे आणि तिचं हँडल कुठे ठेवलंय, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्या.

ढाळ

सावलीपुरतं ऑनिंग जवळजवळ आडवं ठेवलं तरी चालतं. पावसाचा प्रश्न आला की मात्र ढाळ हवाच. साधारण दर मीटरला 20 ते 25 सेंटिमीटर उतार धरा. भिंतीवर ऑनिंग 2.6 मीटर उंचीवर असेल आणि अडीच मीटर बाहेर येत असेल, तर पुढचा बार दोन मीटरच्या आसपास यायला हवा. डोक्याला लागत नाही आणि पाणी धावतं.

त्यावर आणखी एक गोष्ट करा. एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली घ्या. मग पाणी सगळ्या बारवरून ठिबकत राहण्याऐवजी एका कोपऱ्यातून पडतं. तो कोपरा दारापासून लांबचा निवडा. वीतभरापेक्षा जास्त उतरवू नका, कारण बार पिळला की खांद्यांवर वाकडा भार येतो.

पावसाची भीती कशासाठी, तर एका साध्या हिशोबासाठी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो. ऑनिंग साडेतीन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर असेल, तर क्षेत्रफळ 8.75 चौरस मीटर. रात्रीतून 10 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी वाहून गेलं नाही, तर 87 किलो पाणी कापडावर साचलं. ते सगळीकडे सारखं पसरत नाही. कापडाला जिथे थोडासा झोळ आहे तिथे आधी तांब्याभर साचतं, त्या वजनाने झोळ वाढतो, मग बादलीभर साचतं. कापड एकदा असं ताणलं गेलं की तिथला फुगवटा कायमचा राहतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा त्याच जागी जमतं. हात वाकतात तेही बहुतेक असेच, झोपेत, कुणाला न कळता.

म्हणून रात्री झोपताना आभाळ कसंही असो, ऑनिंग बंद करा. हा नियम मी मोडत नाही. दिवसा पाऊस आला आणि झोळ दिसला तर कापडाखालून हात लावून पाणी एकदम वर उडवायला जाऊ नका. आधी एक पाय आणखी खाली घ्या, मग फुगवटा खालून हळूहळू कडेकडे ढकला. लांब ऑनिंगला मध्ये एक आधाराची दांडी मिळते. ती कॅसेट आणि बार यांच्यामध्ये तणावून बसवली की कापड किंचित कमानीसारखं वर उचललेलं राहतं आणि मधला झोळ जातो. साडेतीन मीटरपेक्षा लांब ऑनिंग असेल तर ही दांडी घ्याच. फक्त बंद करताना ती आधी काढायची, हे हँडलला चिठ्ठी बांधून ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे. दांडी तशीच ठेवून फिरवलं तर कापडाला भोक पडतं.

ढाळ जास्त दिला की गाडीचं दार उघडताना वरची कड कापडावर घासते. रोज घासलं की तिथे रेघ उमटते, मग कापड विरतं. दाराच्या वरच्या कोपऱ्यात लावायची छोटी चाकी मिळते. ती बसवली की दार कापडाखालून सरकत जातं.

वारा

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्याला आडव्या धरलेल्या एका चौरस मीटरवर साधारण 6 किलोइतका भार येतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो, जवळजवळ 25 किलो. ऑनिंग वाऱ्याला अगदी आडवं नसतं, तरी त्याची जागा मोठी असते आणि खालून शिरलेली झुळूक त्याला वर उचलते. हे वर उचलणंच घातक. पाय जमिनीवरून सुटतात, बार उसळी मारतो आणि खाली आदळतो. हातांची रचना बाहेर ढकलण्यासाठी आहे. वर-खाली आदळणं त्यांना झेपत नाही.

त्यासाठी पायांच्या तळाला मेखा ठोकाव्याच लागतात. मऊ मातीत लांब मेखा घ्या आणि गाडीपासून दूर कलत्या ठोका. त्याशिवाय बारच्या दोन्ही टोकांना वादळपट्टे बांधता येतात. पट्ट्यात स्प्रिंगचा तुकडा असेल तर उत्तम, कारण वाऱ्याचा झटका तो सोसतो आणि कापडावर कमी येतो. पट्टे कसून बांधायचे नाहीत. बोटाने दाबल्यावर जरासे लवतील एवढेच.

जमीन खडकाळ किंवा फरसबंदीची असेल तर मेख जात नाही. काही मॉडेलांचे पाय गाडीच्या भिंतीवरच्या पकडीत तिरके टेकवता येतात. तशी सोय असेल तर ती वापरा. पायाला पाण्याच्या पिशव्या बांधल्या तर हलक्या वाऱ्यात उपयोग होतो, पण वर दिलेला हिशोब बघितलात तर दहा किलोची पिशवी सोसाट्याच्या वाऱ्याला अपुरी आहे हे कळेल.

मेखा आणि पट्टे लावले तरी ऑनिंग म्हणजे तंबू होत नाही. छोटी झाडं डोलायला लागली, की तो बोफर्टचा 5 क्रमांक, ताशी 29 ते 38 किलोमीटर. त्या आधीच कापड आत गेलेलं असावं. गाडी सोडून फिरायला जाताना तर उघडं ठेवूच नका, कारण वाऱ्याची एक वावटळ यायला मिनिट पुरतं आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता.

बंद करताना

आधी मेखा काढा, पट्टे सोडा, मधली दांडी काढा, बारमध्ये दिव्यांची पट्टी किंवा कपडे वाळत घातलेली दोरी अडकवली असेल तीही. कापडाच्या वरच्या बाजूला पानं, काटक्या आहेत का ते शिडीवरून बघा आणि लांब दांड्याच्या मऊ झाडूने लोटा. एक वाळकी काटकी रोलरमध्ये गेली तर प्रत्येक फेऱ्यात कापडाला त्याच जागी टोचते.

मग दोन्ही पाय सारख्या उंचीवर आणा आणि फिरवायला लागा. दुसरा माणूस पाय उचलून बारबरोबर आत आणेल. मीटरभर उरलं की पाय आखडा आणि बारमधल्या खाचेत नीट बसवा. पाय खटकन बसला नाही तर तो नंतर हाताला आडवा येतो आणि ऑनिंग एका बाजूने बंद होत नाही. हे कारण इतकं साधं असतं की लोक ते सोडून बाकी सगळं तपासतात.

बार कॅसेटला भिडला की जरासा जोर लावून घट्ट करा आणि थांबा. त्यापुढे ताकद लावून काही मिळत नाही, गिअर मात्र दुखावतो. हँडल काढा. मग दोन पावलं मागे जाऊन दोन्ही टोकांची फट बघा. गाडी सुरू करण्याआधी पुन्हा एकदा बघा. चालत्या गाडीत ऑनिंग सुटणं हा मोठा अपघात आहे, स्वतःसाठी आणि शेजारून जाणाऱ्यासाठीही. हँडल काढल्यावर बार पुन्हा जराजरा बाहेर येत असेल, तर गिअर झिजला आहे असं समजा. तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. कमीत कमी दोन मजबूत पट्ट्यांनी बार बांधून सावकाश दुरुस्तीच्या जागी न्या.

बंद करताना फट राहते तेव्हा

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर शोधताना लोक थेट पान्हा हातात घेतात. आधी दोन प्रकार वेगळे करा. बारचं एक टोक कॅसेटपासून बाहेर राहतंय, की आत येतंय पण खाली लोंबतंय? पहिल्याचं मूळ बहुधा कापडात असतं, दुसऱ्याचं हातात.

टोक बाहेर राहत असेल तर आधी साध्या गोष्टी. पाय खाचेत बसलाय का, कोपराजवळ कापडाची घडी अडकलीय का, कॅसेटच्या तळाला पानांचा चिखल साचलाय का. हे सगळं ठीक असेल तर ऑनिंग अर्धं उघडा आणि दोन्ही टोकांना कॅसेट ते बार अंतर टेपने मोजा. फरक एक सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर कापड रोलरवर तिरकं गुंडाळलं जातंय.

उपाय असा. ऑनिंग पूर्ण उघडा आणि कापड सैल पडेपर्यंत सोडा, म्हणजे रोलरचा थोडा भाग दिसेल. कापडाच्या कडेला एक जाड दोरीसारखी किनार शिवलेली असते आणि ती रोलरच्या खोबणीत सरकवलेली असते. ती एका बाजूला सरकली आहे का बघा. सरकली असेल तर कापड दोन्ही हातांनी मूळ जागी आणा आणि टोकाला ती अडवणारा स्क्रू किंवा अटकाव पक्का करा. तो नसेल तर कापड पुन्हा सरकणारच. त्यानंतर दोघांनी बार समांतर धरून परत गुंडाळा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

एवढं करूनही एकच टोक मागे राहत असेल, तर त्या बाजूचं कापड दुसऱ्यापेक्षा किंचित ताणलं गेलंय, म्हणजे लांब झालंय. तिथे पॅकिंग द्यायचं. हातभर लांब, पातळ, मऊ कापडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. जे टोक मागे राहतं, त्याच बाजूला ती रोलर आणि कापड यांच्यामध्ये सरकवा आणि तिच्यावरून गुंडाळत जा. तिथे रोलरचा घेर वाढतो, प्रत्येक फेऱ्यात त्या बाजूचं कापड जरा जास्त ओढलं जातं आणि मागे राहिलेलं टोक पुढच्याला गाठतं. एक पट्टी लावा, बंद करून बघा, लागलीच तर दुसरी. एकदम तीन लावल्या की दुसरं टोक मागे पडतं. ताठ पुठ्ठा किंवा पत्रा वापरू नका, त्याच्या कडेने कापड चिरतं.

आता दुसरा प्रकार, टोक खाली लोंबण्याचा. आधी कॅसेटचे ब्रॅकेट बघा. एखादा सैल झाला असेल तर कॅसेटच झुकलेली असते आणि हाताला विनाकारण दोष दिला जातो. कॅसेट सरळ असेल तर त्या बाजूच्या हाताचा कोन बदलायचा. अनेक मॉडेलांत खांद्यापाशी एक अडकवणारा बोल्ट आणि एक कोन बदलणारा स्क्रू असतो. मीटरभर उघडून बारला खालून शिडीचा किंवा माणसाचा आधार द्या. अडकवणारा बोल्ट ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) सैल करा, दुसरा स्क्रू पाव फेरा फिरवा, बोल्ट परत आवळा, बंद करून बघा. पाव फेरा म्हणजे पाव फेराच. किती फिरवलं ते प्रत्येक वेळी लिहा, म्हणजे उलट परिणाम झाला तर मूळ जागेवर येता येतं. तुमच्या मॉडेलात हा स्क्रू नेमका कुठे आहे ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा आणि अंदाजाने भलताच बोल्ट सोडू नका.

कारण हाताच्या आतली स्प्रिंग दाबलेली असते. खांदा किंवा मनगट कॅसेटपासून सुटं केलं आणि हात बांधलेला नसला, तर तो फटकन उघडतो आणि त्या वाटेत येणारा माणूस जबर जखमी होऊ शकतो. हात सुटा करणं, स्प्रिंग बदलणं, रोलरवरचं पूर्ण कापड बदलणं ही कामं ज्याने आधी केली आहेत त्याच्याकडूनच करून घ्यावीत.

स्वच्छता आणि वंगण

ऑनिंगचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओलं गुंडाळलेलं कापड. कधी कधी पावसातच निघावं लागतं, त्याला इलाज नाही. पण मुक्कामी पोचल्यावर, नाहीतर दुसऱ्या दिवशी तरी, उघडून वाळवा. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ओलं राहिलं की शिवणींपाशी काळे ठिपके दिसायला लागतात. पीव्हीसीच्या कापडावर ही बुरशी वरच्या मळावर वाढते, ॲक्रिलिकच्या विणीत ती आतपर्यंत जाते आणि डाग राहतात.

धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढंच लागतं. खालची बाजूही धुवा, बुरशी तिथेच जास्त धरते. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओता. प्रेशर वॉशर लावू नका, तो शिवणी उसवतो आणि पाण्यापासून वाचवणारा थर उडवतो. पेट्रोल, थिनर, ब्लीच कापडाच्या आसपासही नको. समुद्राजवळ मुक्काम झाला असेल तर हात, बार आणि पाय गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमवर मिठाने पांढरे चट्टे येतात आणि पायांच्या पकडीत वाळू बसली की त्या सरकत नाहीत.

वंगण फार लागत नाही. खांदा, कोपर, मनगट आणि पायांचे सरकते भाग आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग सिलिकॉनचा किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे थोडासा मारा. मागे कापडावर पुठ्ठा धरा. तेल आणि ग्रीस टाळा. त्यांना धूळ चिकटते, तिची पेस्ट होऊन सांधे झिजवते आणि गुंडाळताना कापडाला डाग पडतात. कोपर उघडं असताना तिथली तार किंवा पट्टा नीट बघा. तारेचा एखादा धागा तुटून वर आलेला दिसला तर ऑनिंग बंद करा आणि हात बदलेपर्यंत उघडू नका.

भिंतीकडचं काम लोक विसरतात. कॅसेट आणि गाडीची भिंत यांच्यामध्ये रबराची पट्टी आणि सिलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, असतं. ते फाटलं की पाणी कॅसेटच्या मागून खाली झिरपतं, आणि स्क्रूच्या भोकातून भिंतीच्या आत गेलं तर आतलं लाकूड कुजायला लागतं. ऑनिंगचं नुकसान त्यापुढे काहीच नाही. खडबडीत रस्त्याचा प्रवास झाला की ब्रॅकेटचे स्क्रू पान्ह्याने तपासा. एखादा फिरतच राहत असेल, पकड घेत नसेल, तर तो नुसता आवळत बसू नका. आतला आधार गेला आहे. तो काढून, भोक दुरुस्त करून, नवं सिलंट भरून बसवावा लागतो.

फाटलं किंवा अडकलं तर

छोटं भोक दिसल्या दिवशीच बुजवा. जागा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करा, कापडाच्या जातीची दुरुस्तीपट्टी घ्या, तिचे कोपरे गोल कापा म्हणजे गुंडाळताना कड उचलली जात नाही. शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी लावा आणि दिवसभर कापड उघडं ठेवून चिकटू द्या. आडव्या फाटीपेक्षा कडेपासून आत येणारी फाट जास्त वाईट, कारण सगळा ताण कडांमधून जातो. तिला नुसती पट्टी पुरत नाही, शिवूनच घ्यावी लागते.

ऑनिंग उघडं असताना गिअर अडला आणि वारा वाढतोय, अशा वेळी कापड कापून मोकळं व्हावं असं वाटतं. ते करू नका. कापडच हातांना धरून आहे. ते कापलं की दोन्ही स्प्रिंगा एकदम सुटतात. त्याऐवजी बार धरायला दोन-तीन माणसं बोलवा. हँडलवर जबरदस्ती न करता ते पुढे-मागे हलवून बघा, कधी नुसता आकडाच कडीत तिरका बसलेला असतो. तरी फिरत नसेल तर सगळ्यांनी मिळून बार सावकाश गाडीकडे ढकला. कोपरं आत मुडपतात, कापड मध्ये लोंबतं, ते लोंबूच द्या. बार कॅसेटला टेकला की एक-दोन माणसं दाबून धरतील तोवर प्रत्येक हात कोपराजवळ पट्ट्याने बांधा, आणि मग बार व कॅसेट मिळून निदान दोन जागी रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळा. लोंबतं कापड घडी करून दोरीने बांधा. पट्टे नीट ताणले आहेत हे पाहिल्याशिवाय कुणीही बारवरचा हात काढायचा नाही, आणि गिअर दुरुस्त होईपर्यंत ते पट्टे सोडायचे नाहीत.